आईबरोबर स्पितीत : गोम्पांचे बारा दिवस

दिवस पहिला आणि दुसरा : गाडीत

सचखंड एक्स्प्रेसनं दुपारी छत्रपती संभाजीनगर सोडलं, तेव्हा आईच्या बॅगेत बीपीच्या गोळ्यांच्या डब्याखाली एक पांढरी साडी घडी घालून ठेवलेली होती. विहारात वंदनेला नेसते ती. ती कशाला घेतली, हे मी विचारलं नाही.

आई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती. दरवर्षीच्या सहलीला अजिंठा किंवा वेरूळ ठरलेलं, त्यामुळे तिथली लेणी तिला घरच्यासारखी माहीत. ताबोच्या मठाला ‘हिमालयातली अजिंठा’ म्हणतात, असं मी तिला दोन वर्षांपूर्वी सांगितलं होतं. तिनं विचारलं, “तिथं भिक्खू आहेत का?” म्हटलं, आहेत, रोज प्रार्थना होते. “मग ती अजिंठ्यासारखी कशी? अजिंठ्यात तर कुणीच नाही.” त्या प्रश्नापासून हा प्रवास सुरू झाला असं मी मानते.

निघताना तिला एकच रुखरुख होती. पावसाळ्यातला वर्षावास चालू होता, विहारातलं ग्रंथवाचन निम्म्यावर आलेलं, आणि वाचणाऱ्यांत तिचा नंबर होता. शेजारच्या काकूंवर ते काम सोपवून ती आली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी अंबाल्याला उतरलो.

दिवस तिसरा ते पाचवा : नारकंडा, कल्पा

हिमाचल प्रदेशातल्या स्पितीला दोन वाटांनी जाता येतं. मनालीकडची वाट जवळची, पण ती एका दिवसात माणसाला साडेचार हजार मीटरच्या वर नेते. आई सहासष्ट वर्षांची, त्यामुळे आम्ही शिमल्याकडून किन्नौरमार्गे चढायचं ठरवलं. पहिला मुक्काम नारकंड्याला, पुढचे दोन कल्पाला. साठीच्या पुढचं कुणी बरोबर असेल तर ह्याच बाजूनं जा. दोन दिवस जास्त लागतात, ते द्यावेत. डॉक्टरांना निघण्यापूर्वी विचारून घ्यावं, हे सांगायला नको.

रामपूरनंतर रस्ता सतलजच्या कुशीत शिरतो. काही ठिकाणी कडा कोरून रस्ता काढलाय, डोक्यावर खडकाचं छत येतं. आई म्हणाली, “लेणंच कोरलंय की!” कल्पाला सफरचंदं काढणीला आली होती. समोर किन्नर कैलासाची रांग, सकाळी सहाला गुलाबी. गावात एक लहान गोम्पा, म्हणजे बौद्ध मठ, आहे, रिंचेन झांगपोच्या नावाशी जोडलेला. हे नाव पुढे प्रत्येक गावात भेटणार होतं, म्हणून त्याची गोष्ट इथेच सांगते.

दहाव्या शतकाच्या अखेरीस पश्चिम तिबेटात गुगे नावाचं राज्य होतं. तिथला राजा येशे-ओ पुढे भिक्षू झाला. आपल्या मुलखात धम्म नीट रुजावा म्हणून त्यानं एकवीस हुशार मुलं काश्मीरला शिकायला पाठवली, अशी परंपरा सांगते. थंडीत वाढलेली ती मुलं खालच्या उष्ण हवेनं आणि आजारांनी गेली. दोघंच परतली. त्यांतला एक रिंचेन झांगपो, जन्म ९५८, मृत्यू १०५५. त्यानं संस्कृत ग्रंथ तिबेटीत नेले, म्हणून त्याला ‘लोत्सावा’, म्हणजे भाषांतरकार, म्हणतात. त्यानं १०८ मंदिरं उभारली अशी लोकांची श्रद्धा आहे.

आईनं ही गोष्ट रात्री रजईत बसून ऐकली. बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “एकोणीस पोरं गेली. त्यांच्या आयांना कुणी काय सांगितलं असेल?”

दिवस सहावा : नाको

खाबला सतलजचा आणि स्पितीचा संगम आहे. तिथून रस्ता नागमोडी वळणं घेत वर चढतो आणि झाडं संपतात. एकदम, कुणी पुसून टाकल्यासारखी. पुढचे सहा दिवस डोळ्यांना माती, खडक आणि आभाळ एवढंच. गावांपाशी जवाच्या आणि मटारच्या हिरव्या-पिवळ्या तुकड्या तेवढ्या दिसतात.

नाको ३,६६० मीटरवर आहे. तळ्याकाठी विलो आणि पॉपलर, आणि गावाच्या कडेला चार मातीची देवळं, अकराव्या-बाराव्या शतकातली. आईचं डोकं जड झालं होतं. मी एकटीच जाऊन आले. रात्री तिनं थुक्पा, म्हणजे नूडल्सचं सूप, घेतलं आणि चांगली झोपली, तेव्हा माझ्या जिवात जीव आला.

दिवस सातवा : ग्यू, मग ताबो

सुमडोपासून लाहौल-स्पिती जिल्हा सुरू होतो. आमचा ड्रायव्हर किन्नौरचा, आईला ‘माताजी’ म्हणायचा. त्याच्याच आग्रहावरून ग्यूकडे वळलो. १९७५ च्या भूकंपानंतर इथं एका भिक्षूची बसलेली काया सापडली. सुमारे ५०० वर्षांपूर्वीची. नाव संघा तेनझिन असं सांगतात. गळ्यापासून गुडघ्यापर्यंत ध्यानाचा पट्टा बांधलेला, दात दिसतात, डोक्यावर केस आहेत. काचेच्या पेटीत ठेवलंय. पाच मिनिटं थांबलो. आई हात जोडून बाहेर आली. “त्यांना बसायचं होतं, ते बसले. आपण असं वाकून वाकून बघणं मला बरं वाटलं नाही,” म्हणाली. मलाही तसंच वाटलं. तिथं जाणाऱ्यांनी निदान फोटो काढताना क्षणभर थांबावं.

दुपारी ताबो आलं. उंची ३,२८० मीटर, म्हणजे नाकोपेक्षा कमी. श्वास मोकळा झाला. रस्त्याच्या वरच्या अंगाला डोंगरात गुहांची रांग दिसली. भिक्षू तिथं ध्यानाला बसत. गुहा दिसल्याबरोबर आई गाडीतच सावरून बसली.

दिवस आठवा : ताबो

पहाटे पाचला जाग आली, तर आई पांढरी साडी नेसून, वर माझं जाड जॅकेट घालून खुर्चीत बसलेली. “प्रार्थना किती वाजता म्हणालीस?”

नव्या सभागृहात साडेसहाला भिक्षू जमले. लहान मोठे मिळून पंचवीसेक. त्यांच्या आवाजाला एक खालचा घोगरा सूर असतो, पोटातून येणारा. मधेच झांजा आणि ढोल. एक अक्षर कळत नव्हतं. आई मात्र ओठ हलवत होती. नंतर कळलं, ती मनातल्या मनात त्रिसरण-पंचशील म्हणत होती. “ते त्यांचं म्हणत होते, मी आपलं. कुणाला त्रास नाही.” लोणी घातलेला खारट चहा फिरला. दुसऱ्या पेल्यात जवाचं पीठ कालवून घ्यायचं, त्याला ते त्साम्पा म्हणतात. आईनं चव घेतली आणि जवळजवळ ओरडलीच, “अगं, हे तर सातूचं पीठ!”

जुना मठ ९९६ सालचा. येशे-ओनं बांधवला आणि ४६ वर्षांनी, १०४२ मध्ये, त्याच्या पुतण्याच्या मुलानं, जांगचुब-ओनं, त्याची डागडुजी करवली. बाहेरून बघणाऱ्याची निराशा होईल. मातीच्या भिंती, मातीची छपरं, मधेमधे मातीचेच स्तूप. गावातली गोठ्यासकट सगळी घरं जशी, तशीच ही नऊ मंदिरं, फक्त अंगानं थोराड. १९७५ च्या भूकंपात तडे गेले, तरी उभी राहिली. १९८३ मध्ये आणि मग हजार वर्षं पुरी झाली तेव्हा १९९६ मध्ये दलाई लामांनी इथं कालचक्र दीक्षा दिली.

मुख्य मंदिराला त्सुगलाखांग म्हणतात. चपला काढायच्या, फोन-कॅमेरा बाहेर, आणि ठेंगण्या दारातून आत. आत दिवे नाहीत. छतातल्या झरोक्यातून उतरतो तेवढाच उजेड. पहिली दोन-तीन मिनिटं काहीच दिसत नाही. ह्या वेळी घाई करू नका, एवढं मला आवर्जून सांगायचंय. आमच्या पुढे आलेले चौघं ‘अंधारच आहे’ म्हणून निघून गेले. आम्ही भिंतीपासून हात राखून उभ्या राहिलो.

मग भिंतींतून माणसं बाहेर यायला लागली. डोक्याच्या उंचीवर, भिंतीला टेकून बसलेल्या मातीच्या मूर्ती. ३२ आहेत. खाली आधार दिसत नाही, जणू हवेत बसल्यात. निळ्या, पांढऱ्या, लाल, पिवळ्या. आणि मधोमध वैरोचन बुद्ध, चार देह पाठीला पाठ लावून, चार दिशांना चार तोंडं. हात धम्मचक्र मुद्रेत. आईनं मुद्रा लगेच ओळखली. ती मुद्रा तिनं अजिंठ्याच्या किती मूर्तींवर मुलांना दाखवली असेल.

एक वयस्क लामा तिथं जपमाळ ओढत बसले होते. त्यांना हिंदी छान येत होतं. त्यांनी समजावलं, की ही खोलीच मंडल आहे. कागदावर किंवा वाळूत काढतात तेच मंडल इथं उभं केलंय. मधे वैरोचन, भोवती बाकीचे, आणि तुम्ही आत आलात म्हणजे मंडलात आलात. आई ऐकत होती. मग तिनं त्यांना वेरूळच्या बाराव्या लेण्याबद्दल सांगायला सुरुवात केली. तीन मजली लेणं. खालच्या मजल्यावर भिंतीत नऊ चौकोन कोरलेत, मधल्या चौकोनात बुद्ध, बाजूच्या आठांत आठ जण. “बच्चे हर साल पूछते थे, ये आठ कौन हैं? मैं बोलती थी, बोधिसत्त्व. नाम मुझे नहीं आते थे.”

लामांनी माळ थांबवली. आठ महाबोधिसत्त्व, म्हणाले, आणि एकेक नाव सावकाश उच्चारलं. अवलोकितेश्वर. मैत्रेय. मंजुश्री. वज्रपाणी. समंतभद्र. आकाशगर्भ. क्षितिगर्भ. सर्वनिवरणविष्कंभी. नावं संस्कृतच होती. आई दारापाशी जाऊन उजेडात वहीत लिहून आली. शेवटचं नाव त्यांनी तिला तीनदा सांगितलं. “ये सब आपके यहाँ से ही आया है,” ते म्हणाले. “हमने सँभालके रखा.”

मी इथं थोडी थांबते, कारण त्या वाक्यानं मला रात्रभर झोप लागली नाही. वेरूळचं बारावं लेणं सातव्या-आठव्या शतकातलं. तिथं कोरणाऱ्यांना ह्या आठांची नावं, रंग, मंत्र, कुणाच्या हातात काय, सगळं माहीत असणार. आमच्याकडे नंतर ते म्हणणारं कुणी राहिलं नाही. दगड राहिला. इथं दगड नाही, नुसती माती आहे, जी दरवर्षी लिंपावी लागते, छपरावरचा बर्फ दर हिवाळ्यात फावड्यानं ढकलावा लागतो. अशा इमारतीत हजार वर्षं रोज कुणीतरी आलंय. आईचा ‘मग ती अजिंठ्यासारखी कशी’ हा प्रश्न मला त्या रात्री पुरता कळला.

भिंतींच्या खालच्या पट्ट्यातली चित्रं बघायला मात्र वाकावं लागतं. एकीकडे बुद्धाचं चरित्र. दुसरीकडे सुधनाची यात्रा. सुधन हा एका व्यापाऱ्याचा मुलगा, शहाणपण शोधायला निघतो आणि एकामागून एक पन्नासहून अधिक कल्याणमित्रांना भेटतो. त्यांत भिक्षू आहेत, राजे आहेत, तसेच नावाडी, अत्तर विकणारा, गणिका, लहान मुलंही आहेत. प्रत्येक जण आपल्याला येतं तेवढं शिकवतो आणि पुढच्याचा पत्ता देतो. काश्मिरी वळणाची ही चित्रं, लांबट डोळे, तलम वस्त्रं. ‘कल्याणमित्र’ हा शब्द आमच्या विहारात रोजचा. आई चित्रांपुढून हळूहळू सरकत होती, कोण नावाडी, कोण राजा, ओळखत. गाभाऱ्याभोवतीच्या प्रदक्षिणेच्या वाटेवर हजार बुद्ध रंगवलेत. तिथं तिनं तीन फेऱ्या मारल्या, आणि तिसरीला अगदी हलक्या आवाजात ‘बुद्धं सरणं गच्छामि’ म्हटलं. लामांनी मान वर करून पाहिलं, हसले, आणि पुन्हा माळ ओढायला लागले.

दुपारी त्यांच्याकडूनच कळलं, की त्यांच्याकडेही पावसाळ्यात भिक्षू एका जागी राहतात, त्याला यार्ने म्हणतात. आईची वर्षावासाची रुखरुख तिथं जरा निवली.

एक काळजीची गोष्ट. स्पिती पर्जन्यछायेतली, तिथली सपाट मातीची छपरं कोरड्या बर्फासाठी बांधलेली. पाऊस त्यांना सोसत नाही. गावातले लोक सांगतात, की आता पाऊस पूर्वीपेक्षा जास्त येतो. मंदिरात एके ठिकाणी ओघळाची तपकिरी रेघ चित्रावरून खाली आलेली आम्ही पाहिली. पाहून पोटात कालवलं.

दिवस नववा : धनखर, ल्हालुंग, काझा

ताबो ते काझा ४७ किलोमीटर, पण मधे दोन वाटा फुटतात आणि दोन्ही सोडू नयेत.

धनखर म्हणजे कड्यावरचा किल्ला. ३,८९४ मीटर. स्पितीची जुनी राजधानी. स्पिती आणि पिन ह्या नद्यांच्या संगमावर मातीचे सुळके उभे आहेत, आणि त्यांच्यामधे गोम्पा असा बसवलाय की सुळका कुठं संपतो आणि भिंत कुठं सुरू होते ते दिसत नाही. खालची माती झिजतेय. २००६ मध्ये जगातल्या सर्वाधिक धोक्यातल्या १०० वास्तूंच्या यादीत ह्याचं नाव आलं होतं. आत एका वेळी मोजकीच माणसं सोडतात. आई लाकडी जिना बघून खालीच थांबली. मी वर जाऊन आले, पावलागणिक जमीन दुखावू नये अशा बेतानं. नवा मठ बाजूलाच बांधलाय, भिक्षू आता तिथं राहतात.

ल्हालुंगला आम्ही दोघीच पाहुण्या. किल्ली ज्यांच्याकडे असते ते लामा शेतात होते. निरोप गेला, ते हातातला विळा तसाच घेऊन आले. सेरखांग, म्हणजे सोन्याचं देऊळ. खोली आपल्या स्वयंपाकघराएवढी. दार उघडलं आणि तिन्ही भिंतींवरून मूर्ती आणि वेलबुट्टी एकदम अंगावर आली. मातीचीच, वर सोनेरी मुलामा. ताबोत मूर्ती उजेडाची वाट बघायला लावतात, इथं एका नजरेत सगळं. मला धनखरपेक्षा हे अधिक आवडलं. बाहेर एक प्रचंड जुना विलो आहे, रिंचेन झांगपोनं लावलेला म्हणतात. त्याच्या सावलीत त्या लामांनी आम्हाला मुठीनं ताजे मटार दिले. कोवळे, साखरेसारखे गोड. पैसे घेतले नाहीत, दानपेटीकडे बोट दाखवलं.

काझा हे तालुक्याचं गाव. ३,६५० मीटरच्या आसपास. बाजार, दवाखाना, पेट्रोल पंप. रोख पैसे पुरेसे बाळगा, पेट्रोल इथंच भरा.

दिवस दहावा : की

‘की’ गोम्पा चित्रांत इतका पाहिलेला, की प्रत्यक्षात काय वेगळं दिसणार असं वाटत होतं. लांबून तो टेकडीवरच्या वारुळासारखा दिसतो, खोलीवर खोली चढलेली. ह्या आकाराला कारण आहे. मंगोल टोळ्यांचे हल्ले झाले, १८४१ मध्ये डोगरा सैन्यानं नासधूस केली, आग लागली, १९७५ चा भूकंप झाला. दरवेळी पडलेल्याच्या वर आणि बाजूला नवं बांधलं गेलं. ४,१६६ मीटर. तिबेटी बौद्धांतल्या गेलुग पंथाचा, स्पितीतला सर्वांत मोठा मठ. २००० मध्ये इथंही कालचक्र झालं.

आई दहा पायऱ्या चढायची, थांबायची, पुन्हा दहा. एका छोट्या भिक्षूनं, असेल दहा-अकरा वर्षांचा, तिची पिशवी न विचारताच घेतली.

आतल्या स्वयंपाकघरात चुलीवर तांब्याचं भलं मोठं भांडं, भिंती धुरानं काळ्या. आल्यागेल्याला जडीबुटीचा चहा देतात. चहा देणारे लामा तरुण होते, कर्नाटकातल्या मठात शिकून आलेले. बोलता बोलता त्यांनी सांगितलं, की ह्या मठाचे प्रमुख लोचेन तुल्कू, रिंचेन झांगपोचाच पुनर्जन्म मानले जातात.

आईनं पेला खाली ठेवला. मला तिचा चेहरा माहीत होता. “एक सवाल पूछूँ? बुरा मत मानना. बुद्ध ने कहा आत्मा नहीं है. तो फिर जनम किसका होता है?”

लामा थोडे पुढे सरकले. दारातल्या कोनाड्यात लोण्याचा दिवा तेवत होता. एका दिव्यानं दुसरा लावला, तर ज्योत इकडून तिकडे गेली का? नाही गेली. मग दुसरा दिवा पहिल्याशिवाय लागला का? तेही नाही. असं काहीसं बोलले. आणि म्हणाले, हे माझं उत्तर नाही, फार जुनं आहे. नागसेन नावाच्या भिक्षूनं एका राजाला दिलं होतं.

“मिलिंद राजा,” आई म्हणाली.

त्यांना आश्चर्य वाटलं. मग तिनं सांगितलं. आमच्या गावात बाबासाहेबांनी १९५० मध्ये कॉलेज काढलं, त्याचं नाव मिलिंद महाविद्यालय. ज्या आवारात ते आहे त्याला नागसेनवन म्हणतात. ती तिथं शिकली. तिच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली ती पहिली. राजाचं नाव कॉलेजला का दिलं, हे तिथल्या प्रत्येक मुलाला सांगितलं जायचं: जो प्रश्न विचारायला घाबरत नाही, त्याचं नाव.

तुल्कूंबद्दल तिचं समाधान झालं का? नाही. उतरताना मला म्हणाली, “दिव्याचं पटतं. पण पुढचा दिवा कुठला, हे कुणी कसं ओळखायचं, ते नाही पटत.” तरी त्या लामांशी ती तासभर बोलली, आणि निघताना त्यांनी तिच्या गळ्यात पांढरा खतक, म्हणजे मानाचं उपरणं, घातला. तिनं वाकून घेतला.

दिवस अकरावा : लांग्झा, हिक्किम, कोमिक

काझाच्या वर तीन गावं आहेत, सगळी ४,४०० मीटरच्या आगेमागे. लांग्झाला दरीकडे तोंड करून बसलेली बुद्धाची मोठी मूर्ती आहे. आसपासच्या मातीत समुद्री जिवांचे जीवाश्म सापडतात, कारण हा सगळा प्रदेश टेथिस समुद्राचा तळ होता. पोरं विकायला आणतात. घेऊ नका. कायद्याचा प्रश्न आहेच, पण ती त्या डोंगराची चीज आहे.

हिक्किमचं पोस्ट ऑफिस १९८३ पासून चालू आहे. आईनं तिथून विहारातल्या महिला मंडळाला कार्ड लिहिलं. पत्त्यापेक्षा मजकूर मोठा झाल्यानं अक्षर बारीक करत गेली. ते कार्ड आमच्यानंतर पंधरा दिवसांनी पोचलं आणि पौर्णिमेला वाचून दाखवलं गेलं.

कोमिकचा तांग्युद गोम्पा साक्य पंथाचा, ४,५८७ मीटरवर. वारा असा, की पताका फडफडत नव्हत्या, सरळ ताठ उभ्या होत्या. आईला धाप लागायला लागली, म्हणून अर्ध्या तासात खाली आलो.

ह्या प्रवासातल्या एका गोम्पात, नाव लिहीत नाही, आम्हाला एका खोलीच्या दारात अडवलं. गोनखांग, रक्षक देवतांची खोली. बऱ्याच मठांत तिथं बायकांना जाऊ देत नाहीत. अडवणारे सौम्यपणे बोलले, नियम आहे म्हणाले. आई वाद घालेल असं मला वाटलं. ती उंबऱ्याबाहेर उभी राहिली, आत बघितलं नाही. गाडीत बसल्यावर म्हणाली, “माझे वडील काळारामाच्या सत्याग्रहाच्या गोष्टी सांगायचे. १९३० साली दार बंद होतं ते आपल्याला. इथं बुद्धाच्या घरात दार बंद असलं तर मी गप्प बसणार नाही. त्या की मधल्या लामाला पत्र लिहीन.” तिनं खरंच लिहिलं. मी सोबत बसून हिंदी तपासून दिलं. उत्तराची ती वाट बघतेय.

हे लिहावं की नाही ह्याचा मी विचार केला. पण ताबोचा अंधार जितका खरा, तितकंच हे दारही खरं.

दिवस बारावा : कुंझुम

पहाटे निघून कुंझुम खिंडीत थांबलो. स्तूपांना फेरी मारूनच गाड्या पुढे जातात, स्तूप उजव्या हाताला ठेवून. ड्रायव्हरनं दरवाजे उघडेच ठेवले आणि चालत फेरी घेतली, आम्हीही. पुढचा ग्राम्फूपर्यंतचा रस्ता म्हणजे दगडगोट्यांचा नाला आहे. कंबर असलेल्यानं तयारीनं यावं. अटल बोगदा लागला, नऊ किलोमीटर, आणि पलीकडे तोंड उघडलं तर देवदार. इतकं हिरवं, की डोळे मिटून घ्यावेसे वाटले. मनालीत आईनं वरण-भात मागितला आणि जेवता जेवता झोपली.

नंतरचा एक रविवार : वेरूळ

परत आल्यावर तिसऱ्या रविवारी आई म्हणाली, “चल, गाडी काढ.” बारावं लेणं. पाऊस नुकता थांबलेला, अंगणात पाणी साचलेलं. खालच्या मजल्यावर आत, वटवाघळांचा वास, अंधार. मी मोबाइलचा दिवा लावला, तिनं माझा हात खाली केला. उभ्या राहिलो.

हळूहळू नऊ चौकोन दिसायला लागले. आईनं वही काढली नाही. एकेका चौकोनाशी बोट नेत, न टेकवता, नावं घेत गेली. अवलोकितेश्वर, मैत्रेय, मंजुश्री, वज्रपाणी. कोणता कोण, हे तिनं हातातल्या वस्तूंवरून लावायचा प्रयत्न केला. दोघांबद्दल तिला खात्री नव्हती. सातव्यानंतर अडली. आठवं ते लांब नाव जिभेवर येईना.

तेवढ्यात बाहेर गलका झाला. कुठल्यातरी शाळेची सहल, निळे-पांढरे गणवेश, चाळीसेक मुलं, पुढे घसा बसलेल्या एक बाई. मुलं आत आली आणि अंधार आहे म्हणून ओरडायला लागली.

“ओरडू नका रे,” आई म्हणाली. आवाज एकदम शाळेतला. “दोन मिनिटं नुसते उभे राहा, मग दिसेल. या, इकडे या. मधे कोण बसलंय, सांगा बरं.”